चाळिशी

नीरेच्या कांठीं वसलेल्या अकलूज गांवाचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत एका दुःखद प्रसंगानें कायमचें गोंवलें गेलें आहे. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत छत्रपति संभाजी महाराज संगमेश्वरीं मोंगलांच्या हातीं सांपडले, ही बातमी औरंगजेबास पोंचली ती अकलूजच्या छावणींत. बादशहाचें वय त्या वेळीं सत्तर वर्षांचें होतें. त्या प्रसंगाचें राजकारण वाचकांस विदितच आहे व तें येथें पुन्हां सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें लक्ष त्या प्रसंगांतील एका अगदीं साध्या गोष्टीकडे जातें. सत्तर वर्षांचा हा वृद्ध आपल्यापुढें आलेले कागद वाचीत कसा असेल?

प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे; पण तो तसा नाहीं. एवढ्या विस्तीर्ण राज्याचा कारभार रोज येणाऱ्या अर्जांवर व बातमीपत्रांवर चालत असे, आणि हा बादशहा शक्य तितकें सारें स्वतः पाहणारा होता. फावल्या वेळीं तो कुराणाच्या प्रती स्वहस्तें उतरून काढी व टोप्या शिवी, असेंहि सांगतात. लिहिणें, वाचणें व शिवणें हीं तिन्ही कामें हातभर अंतरावरचीं आहेत. आणि हातभर अंतरावरचें दिसणें हेंच तर चाळीस वर्षांनंतर मनुष्यास सोडून जाऊं लागतें! या शंकेचें उत्तर एका परदेशी प्रवाशानें न विचारतां देऊन ठेविलें आहे. पुढें सहा वर्षांनीं, म्हणजे १६९५ च्या मार्चमध्यें, जेमेल्ली कारेरी नांवाचा इटालियन गृहस्थ कृष्णातीरीं गलगले येथील छावणींत बादशहाच्या भेटीस गेला होता. पांढऱ्या दाढीचा, काठीच्या आधारानें चालणारा हा शहात्तर वर्षांचा म्हातारा अर्जांवर स्वहस्तें शेरे लिहितो, आणि तेंहि चष्म्यावांचून, हें पाहून त्याला आश्चर्य वाटलें व तें त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केलें.

कारेरीला आश्चर्य कां वाटलें, हें समजून घेणें म्हणजे मनुष्याच्या डोळ्याचा अर्धा इतिहास समजून घेणें होय. म्हणून आज आम्ही वाचकांपुढें चाळिशीचा विषय मांडीत आहों.

आमच्या भाषेनें या विकारास दिलेलें नांव मोठें मार्मिक आहे. वय, दृष्टीचा दोष व त्यावरचा उपाय या तिन्ही गोष्टींस मराठींत 'चाळिशी' हा एकच शब्द आहे. मनुष्य चाळिशींत येतो, त्याला चाळिशी लागते आणि मग तो चाळिशी लावतो. 'चष्मा' हा शब्द फारशींतून आला व 'उपनेत्र' पंडितांनीं संस्कृतांतून घेतला. पण घरांतल्या आजीनें कोनाड्यांतून मागितली ती चाळिशीच. दोषाचें कारण कोणास ठाऊक नसतांनाहि त्याचा काळ मात्र लोकांनीं अचूक टिपला होता. अनुभव सार्वत्रिक असल्यावांचून असें नांव रूढ होत नाहीं.

हा अनुभव फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्ररोगांची संख्या ७६ दिली आहे. तेथें दृष्टीच्या एका विकाराचें वर्णन करितांना ग्रंथकारानें एक लक्षण असें सांगितलें आहे कीं, कितीहि प्रयत्न केला तरी रोग्यास सुईचें नेढें दिसत नाहीं. ग्रंथकारापुढें असलेला रोग आजच्या शास्त्रानें नेमका कोणता ठरेल, हा वाद वैद्यांवर सोपवूं. सुई हातीं धरून, ती पुढें-मागें करून, शेवटीं कंटाळून नातवास हांक मारणारें माणूस मात्र त्या काळींहि होतें, एवढें त्यावरून स्पष्ट दिसतें.

आतां असें कां होतें तें पाहूं. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशकिरणांना दोन ठिकाणीं वळण मिळतें. पहिलें बुबुळावरील पारदर्शक पटलाशीं व दुसरें आंतील भिंगाशीं. पटलाचा आकार बदलत नाहीं. भिंग मात्र तरुणपणीं लवचिक असतें. लांबचें पाहतांना तें चपटें राहतें. जवळचें पाहूं लागलों कीं त्याच्या भोंवतालचा स्नायु आकुंचन पावतो, भिंगास धरून ठेवणारे तंतु सैल पडतात आणि भिंग आपल्याच लवचिकपणानें फुगून अधिक गोल होतें. त्यामुळें जवळच्या वस्तूचें चित्र डोळ्याच्या मागील दृष्टिपटलावर बरोबर उमटतें. हें सर्व क्षणार्धांत व आपल्या नकळत घडत असतें. परंतु हें भिंग बाळपणापासूनच हळूहळू ताठर होत जातें. लहान मुलास त्याचा पत्ता लागत नाहीं, कारण त्याच्यापाशीं ही शक्ति गरजेहून कितीतरी अधिक असते. हॉलंडांतील डाँडर्स या नेत्रवैद्यानें १८६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. स्वच्छ दिसण्याचा अगदीं जवळचा बिंदु दहाव्या वर्षीं डोळ्यापासून सुमारें ७ सें. मी. वर असतो, विसाव्या वर्षीं तो १० वर, चाळिसाव्या वर्षीं २२ वर, पन्नासाव्या वर्षीं ४० वर व साठाव्या वर्षीं सुमारें एक मीटरवर जातो. आपण पुस्तक धरतों तें ३५ ते ४० सें. मी. वर. म्हणजे हा बिंदु सरकत असतो जन्मभर. चाळीस ते पन्नास या दशकांत तो पुस्तकाला ओलांडून जातो, इतकेंच. 'हात अपुरे पडूं लागले' असें जें लोक विनोदानें म्हणतात, तें शास्त्रदृष्ट्या अगदीं बरोबर आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली ही कीं चाळिशी हा रोग नव्हे. केस पिकावे तसाच तो वयाचा धर्म आहे. दुसरी ही कीं चष्मा लावल्यानें नंबर वाढतो, ही समजूत निराधार आहे. भिंग ताठर व्हावयाचें तें होतच राहतें, मग चष्मा लावा अगर लावूं नका. साठीच्या सुमारास त्याचा लवचिकपणा बहुतेक संपतो व जवळचा नंबरहि बहुधा स्थिर होतो. चष्मा न लावल्यानें डोळा बळकट राहत नाहीं. राहतें तें फक्त पुस्तक मिटलेलें!

या दोषावरचा उपाय इटलींत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाला. पिसा येथील जोर्दानो नांवाच्या एका धर्मोपदेशकानें १३०६ सालीं केलेल्या प्रवचनांत, चष्म्याची कला निघून अजून वीस वर्षेंहि झालीं नाहींत, असें सांगितलें आहे. ते पहिले चष्मे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे आमच्या चाळिशीचेच होते. लांबचें न दिसणाऱ्यांसाठीं लागणारीं अंतर्गोल भिंगें पुढें पंधराव्या शतकांत प्रचारांत आलीं. यांत नवल असें कीं, हा उपाय कां लागू पडतो हें केप्लर या ज्योतिर्विदानें उलगडून सांगितलें तें १६०४ सालीं. तीनशें वर्षें लोक नाकावर चष्मा घालून पुस्तकें वाचीत होते, आणि त्या अवधींत चष्मा काय करतो हें कोणासहि ठाऊक नव्हतें!

आमच्याकडे चष्मा केव्हां आला, या प्रश्नाचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं मोठ्या चिकाटीनें घेतला. विजयनगरच्या दरबारांत मान पावलेले माध्व संप्रदायाचे आचार्य व्यासराय यांचें 'व्यासयोगिचरित' नांवाचें संस्कृत चरित्र सोमनाथ कवीनें लिहिलें आहे. त्यांत हे यति डोळ्यांवर उपनेत्र लावून पोथी वाचीत असल्याचें वर्णन येतें. हा काळ इ. स. १५२० च्या आसपासचा. पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें १५१० सालीं, आणि विजयनगरशीं त्यांचें दळणवळण होतें. तेव्हां ही वस्तु गोव्याच्या वाटेनें आली असावी, हा तर्क सयुक्तिक दिसतो. त्याच शतकाच्या उत्तरार्धांतील एका मोंगल चित्रांत मीर मुसव्विर हा वृद्ध चित्रकार चष्मा घातलेला दाखविला आहे. एक यति व एक चित्रकार, दोघांचीहि उपजीविका बारीक रेषेवर अवलंबून. म्हातारपणीं दोघांचेंहि काम टिकलें तें दोन कांचांच्या बळावर.

पण आचार्यांना मिळालें तें गांवच्या कुळकर्ण्यास, सोनारास वा शिंप्यास कोठून मिळणार? ज्याचें सारें कसब दृष्टीपासून वीतभर अंतरावर चालतें, त्याचा हात पंचेचाळिशींत सर्वांत सुधारलेला असतो आणि नेमका त्याच वेळीं डोळा दगा देतो. अशा कारागिरांनीं काय केलें असेल? बारीक काम मुलाकडे दिलें असेल, स्वतः जाडेंभरडें पत्करलें असेल. विद्येच्या बाबतींत मात्र जुन्या समाजव्यवस्थेनें हा तोटा पुष्कळसा झांकून टाकिला होता. पोथी ठसठशीत अक्षरांत लिहिलेली असे; एकानें वाचावी व पन्नासांनीं ऐकावी अशी रीत होती. कीर्तन, पुराण व पाठांतर यांवर ज्ञानाचा व्यवहार चालत असल्यामुळें डोळा गेला तरी कान उरत असे. छापखाना आल्यावर हें पालटलें. १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें, मागून मासिकें व पुस्तकें आलीं. अक्षर बारीक झालें आणि प्रत्येकानें आपलें आपण वाचावें असा प्रघात पडला. वाचन घरोघर पोंचलें, तशी चाळिशीची अडचणहि घरोघर जाणवूं लागली.

आतां आपण पुन्हां बादशहाकडे वळूं. शहात्तराव्या वर्षीं चष्म्यावांचून लिहितां कसें आलें? भिंग ताठर होण्याचा नियम बादशहासहि चुकत नाहीं. मग अशा वेळीं तीन कारणें संभवतात. एक, डोळा मुळांतच ऱ्हस्वदृष्टि असावा. ज्यास लांबचें अंधुक दिसतें त्यास जवळचें उतारवयांतहि चष्मा काढून वाचतां येतें. दोनांपैकीं एकच डोळा असा असला तरी काम भागतें. दुसरें कारण मोतीबिंदूच्या आरंभाचें. भिंगाचा गाभा दाट होऊं लागला म्हणजे कित्येक वृद्धांस कांहीं काळ पुन्हां जवळचें दिसूं लागतें. घरचीं माणसें त्यास ईश्वराची कृपा समजतात, पण ती मोतीबिंदूची चाहूल असते. तिसरें कारण प्रकाशाचें. भरउन्हांत बाहुली बारीक होते व बारीक भोंकांतून पाहिल्यासारखें अक्षर स्पष्ट होतें. म्हाताऱ्या माणसांनीं पंचांग अंगणांत नेऊन पाहावें, त्यांतील मर्म हेंच. तात्पर्य, 'आमच्या आजोबांना ऐशींव्या वर्षींहि चष्मा नव्हता' असें अभिमानानें सांगणाऱ्यांनीं आजोबांना लांबचें कितपत दिसत होतें हेंहि एकदां आठवून पाहावें.

येथवर जो दोष पाहिला तो सर्वांचा. दुसरा एक दोष ज्याचा त्याचा आहे, व म्हणूनच त्याचा शोध फार उशिरां लागला. बुबुळावरचें पटल चेंडूच्या पाठीप्रमाणें सर्व बाजूंनीं सारखें गोल असावें. पण पुष्कळांचें तें आंब्याच्या पाठीप्रमाणें एका दिशेस अधिक व दुसऱ्या दिशेस कमी वळलेलें असतें. क्वचित् हा दोष आंतील भिंगांत असतो. त्यामुळें एका बिंदूपासून निघालेले किरण पुन्हां एका बिंदूंत मिळत नाहींत. खिडकीचे उभे गज ठळक दिसतात तर आडवे पुसट, किंवा याच्या उलट. रात्रीं दिव्यास शेपटें फुटतात. 'प' व 'ष' यांत घोंटाळा होतो. वाचून कपाळ दुखतें. यास डॉक्टर 'अस्टिग्मॅटिझम' म्हणतात व चष्म्याच्या दुकानांत 'सिलिंडरचा नंबर' म्हणतात. आमच्या बोलींत त्याला चाळिशीसारखें घरगुती नांव नाहीं, आणि याचें कारण विचार करण्याजोगें आहे. चाळिशी लागते तेव्हां मनुष्यास काल दिसत होतें तें आज दिसत नाहीं, एवढें तरी कळतें. हा दोष बहुधा लहानपणापासून असतो. ज्यानें जग कधीं सरळ पाहिलेंच नाहीं त्यानें तें वांकडें दिसतें अशी तक्रार कोणत्या आधारावर करावी?

ही तक्रार प्रथम ज्यानें केली, त्यास ती तक्रार वाटलीच नाहीं. टॉमस यंग हा इंग्रज वैद्य व पदार्थविज्ञानवेत्ता आपल्याच डोळ्याचीं मापें घेत होता. उभ्या दिशेनें पसरणारे किरण आपल्या डोळ्यांत १० इंचांवरून जुळतात, तर आडव्या दिशेचे ७ इंचांवरून, असें त्यास आढळलें. १८०१ सालीं त्यानें तें प्रसिद्ध केलें. डोळा पाण्यांत बुडवून पटलाचा परिणाम नाहींसा केला तरी दोष कायम राहिला, यावरून तो आपल्या भिंगांत आहे असें त्यानें ठरविलें. या दोषाचा आपणांस कधीं त्रास झाला नाहीं, असेंहि त्यानें लिहिलें आहे! केरी नांवाच्या एका चष्मेवाल्यानें मात्र त्यास सांगितलें कीं, आपलीं कित्येक गिऱ्हाइकें भिंग तिरकें धरल्यावांचून स्पष्ट पाहूं शकत नाहींत. शास्त्रज्ञाच्या आधीं दुकानदाराच्या नजरेंत ही गोष्ट आली होती, पण तिचा अर्थ लावणारें कोणी नव्हतें.

त्याच १८०१ सालीं जन्मलेला जॉर्ज एअरी हा पुढें प्रख्यात ज्योतिर्विद झाला. केंब्रिज येथें असतां आपला डावा डोळा वाचनांत कांहींच काम करीत नाहीं असें त्याच्या लक्षांत आलें. साध्या भिंगानें गुण येईना. तेव्हां पुठ्ठ्यास बारीक छिद्र पाडून तो उजेडाच्या बिंदूकडे पाहूं लागला. एका अंतरावर तो बिंदु एका दिशेची रेघ होई व दुसऱ्या अंतरावर तिला काटकोनांत असलेली रेघ होई. त्या दोन अंतरांवरून त्यानें गणित मांडलें, आणि दोन दिशांना दोन निराळ्या वक्रता असलेलें भिंग इप्स्विच येथील एका कारागिराकडून घडवून घेतलें. १८२५ सालीं त्यानें हें विद्वत्सभेपुढें मांडलें, तेव्हां त्याचें वय पुरतें चोवीसहि नव्हतें. 'अस्टिग्मॅटिझम', म्हणजे बिंदूचा अभाव, हा शब्द त्याला व्ह्यूएल या पंडितानें नंतर सुचविला. आज आपल्या चष्म्याच्या चिठ्ठीवर सिलिंडरचा आंकडा व त्यापुढें अंशांत कोन लिहिलेला असतो, तो त्या डाव्या डोळ्याचा वारसा होय.

इतिहास येथें संपता तर लेखाचें प्रयोजन करमणुकीपुरतें राहिलें असतें. परंतु सातशें वर्षांपूर्वीं सांपडलेला उपाय अजून सर्वांच्या नाकापर्यंत पोंचलेला नाहीं. २०१५ सालीं जगांत चाळिशी लागलेले लोक सुमारें १८० कोटी होते व त्यांपैकीं सुमारें ८२ कोटी ६० लक्ष लोकांपाशीं पुरेसा चष्मा नव्हता, असा अंदाज संशोधकांनीं प्रसिद्ध केला आहे. आसामांतील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढील ७५१ मजुरांवर केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानें खुडण्याची उत्पादकता, चष्मा न मिळालेल्यांच्या मानानें, सुमारें २२ टक्क्यांनीं अधिक वाढली. ज्यांना आपण 'अडाणी, त्यांना चष्मा कशाला' म्हणून बाजूस सारतों, त्यांच्या पोटाचा प्रश्न दोन कांचांवर अवलंबून असूं शकतो, हें या आंकड्यांनीं दाखविलें.

अकलूजच्या परिसरांत हें पाहण्यास प्रयोगाचीहि गरज नाहीं. डाळिंबाच्या बागेंत फवारणीच्या औषधाचें प्रमाण बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. तें न दिसतां अंदाजानें ओतलें तर पीकहि जातें व माणसाच्या जिवासहि अपाय होतो. रक्तदाबाची गोळी कोणती व साखरेची कोणती, हें पाकिटाच्या मागें लिहिलेलें असतें. मोबाईलवर आलेला बँकेचा आंकडा वाचण्यास परक्या माणसाच्या हातीं द्यावा लागला तर काय होतें, हें निराळें सांगावयास नको. आषाढींत तुकोबारायांची पालखी सराटीस नीरास्नान करून अकलूजास मुक्कामास येते. त्या वेळीं दोऱ्यानें कानांस बांधलेली चाळिशी सांवरीत हातांतील पोथी वाचणारा वारकरी दृष्टीस पडला कीं, आम्हांस तो व्यासरायांचाच वारसदार वाटतो.

यांतील पुष्कळ चाळिशा बाजारांत तयार मिळणाऱ्या असतात. त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. ज्याला कांहींच नाहीं त्यास त्या फार मोठा आधार आहेत. पण त्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. तयार चष्म्यांत दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो व सिलिंडर नसतोच. ज्याचे डोळे असमान आहेत किंवा ज्याला एअरीसारखा दोष आहे, त्याचें अक्षर मोठें होईल, पण स्वच्छ होणार नाहीं, आणि डोकेंहि दुखेल. शिवाय काचबिंदु व मधुमेहानें होणारा दृष्टिपटलाचा विकार हे चोरपावलांनीं येणारे शत्रु याच वयांत येतात. दुकानांतील चष्मा त्यांचा पत्ता देत नाहीं. म्हणून चाळिशी लागणें ही डोळे एकदां नीट तपासून घेण्याची निसर्गानें धाडलेली सूचना समजावी. मुलांच्या बाबतींत तर अधिक सावध असावें. मान तिरकी करून फळ्याकडे पाहणारा, अक्षरांत चुकणारा मुलगा आळशी ठरविण्यापूर्वीं, त्यानें जग सरळ कधीं पाहिलें आहे काय, याची खात्री करून घ्यावी.

शेवटीं घरांतीलच एक गोष्ट. आपल्याकडे पुरुषाची चाळिशी लौकर ध्यानांत येते, कारण त्याचें वर्तमानपत्र अडतें. बाईची येत नाहीं. ती तांदूळ निवडतांना खडा राहिला म्हणून बोलणीं खाते, शिवण बाजूस ठेवते, पोथी सुनेस वाचावयास सांगते, आणि सुई-दोरा नातवापुढें करून म्हणते, 'एवढा ओंवून दे रे बाळा.' नातू ओंवून देतो व खेळावयास पळतो. त्या सुईच्या नेढ्याकडे सुश्रुतसंहितेच्या कर्त्याचें लक्ष गेलें होतें. आपलेंहि जावें, आणि पुढच्या खेपेस दोरा ओंवून देतांना तिचे डोळे तपासून घेण्याचा दिवसहि त्याच वेळीं ठरवून टाकावा, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.